‘लेक्चरला बसवत नाही, ताई’

महासाथीनंतर कॉलेजं पुन्हा भरू लागली, तेव्हापासून एक तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की समुपदेशनासाठी समोरच्या खुर्चीत कॉलेजातलं कुणी येऊन बसलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. ‘वर्गात बसलं की धडधडतं.’ ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटतं.’ ‘घरी बसून होत होतं की सगळं, मग जायचंच कशाला?’ आईवडील सोबत असले तर त्यांचं ठरलेलं: ‘पूर्वी अशी नव्हती हो. त्या मोबाइलनं वाट लावली.’

मोबाइलवर खापर फोडलं की पुढचं काही शोधावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे. 2020 साली विज्ञान शाखेला प्रवेश घेतलेली ही मुलगी. फर्स्ट इयर स्क्रीनवर गेलं, सेकंड इयरही बहुतेक स्क्रीनवरच. थर्ड इयरला कॉलेज नियमित सुरू झालं आणि ही गेटपर्यंत जाऊन परत यायला लागली. कधी डोकं दुखायचं, कधी पोट. हजेरी कमी पडतेय असं कॉलेजनं घरी कळवलं, तेव्हा वडील तिला घेऊन आले.

“नेमकं काय होतं वर्गात?” मी विचारलं.

“होत काहीच नाही. कुठे बघायचं कळत नाही. हातांचं काय करायचं कळत नाही. कॅमेरा बंद करता येत नाही ना इथे.” स्वतःच्याच बोलण्यावर ती जराशी हसली. हसू येणारी मुलं लवकर बरी होतात, हा माझा अनुभव आहे. त्याला शास्त्रीय आधार मागू नका.

सगळे बघतात, हे तिचं पालुपद होतं. तेव्हा तिला मी एक प्रयोग सांगितला. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावायचा, इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि बाहेर आल्यावर विचारायचं, तुझा टी-शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल? घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. बाकीचे आपापल्या विचारात होते. तिला हे आवडलं. म्हणाली, “म्हणजे मी काही एवढी महत्त्वाची नाहीये.” नाहीसच, म्हटलं.

मग नेहमीची वाट धरली. आधी नुसतं कॉलेजात जाऊन अर्धा तास लायब्ररीत बसायचं. मग एक लेक्चर, शेवटच्या बाकावर, दाराजवळ. मग दोन. मग दार सोडून मधल्या रांगेत. धडधडलं तर धडधडू द्यायचं, उठून जायचं नाही. ते चढतं तसं उतरतंही. भीती वाटली म्हणून उठून गेलो की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण मनाला शिकवण मिळते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळ म्हणतं. हे सगळं तिनं मन लावून केलं आणि खरोखरच लेक्चरला बसायला लागली. वडील खूश. इथेच थांबलं असतं तरी ही ‘यशस्वी केस’ म्हणून खपली असती.

पण प्रॅक्टिकलच्या दिवशी तिचं पोट दुखायचं थांबलं नव्हतं. माझे कान इथे टवकारले. लेक्चरला वर्ग भरलेला, लॅबमध्ये मोजकीच मुलं. भीती माणसांची असती तर लॅब सोपी जायला हवी होती.

“लॅबमध्ये काय वेगळं असतं गं?”

“बॅच छोटी असते.”

“मग तर बरं की.”

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी बोलायची घाई करणारा समुपदेशक स्वतःच्या अस्वस्थतेवर उपाय करत असतो, समोरच्याच्या नाही.

“लेक्चरला मान हलवली तरी चालतं,” ती म्हणाली. “लॅबमध्ये हातात काहीतरी देतात.”

“काय देतात?”

“ब्युरेट. पिपेट. द्रावण मोजायच्या त्या काचेच्या नळ्या. मी यातलं काहीही कधी हातात धरलेलं नाही, ताई. रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडायचं असतं ना, त्या टायट्रेशनचे व्हिडिओ बघितलेत फक्त. रीडिंग्ज ग्रुपवर यायची, ती उतरवायची. जर्नल पूर्ण आहे माझं. अक्षर बघाल तर थक्क व्हाल.” आणि मग अगदी खालच्या आवाजात, “परीक्षेत उत्तरंपण ग्रुपवर यायची. सेकंड इयरला 91 टक्के आहेत मला. त्यातले माझे किती, मलाच माहीत नाही.”

इतके दिवस आम्ही ज्याला माणसांची भीती म्हणत होतो, ती पितळ उघडं पडण्याची भीती होती. पाहुणे यायच्या वेळी पसारा कपाटात कोंबावा आणि मग सगळा वेळ त्या कपाटाला पाठ लावून उभं राहावं, तशी ही मुलगी वर्गात बसत होती. अशा माणसाला हात कुठे ठेवायचे ते कसं कळेल? शिवाय घरात ते 91 सगळ्या नातेवाइकांना सांगून झाले होते. अभिमानानंच, पण प्रत्येक वेळी कपाटाचं दार थोडं आणखी फुगत होतं.

या मुलीनंतर मी ऑनलाइन वर्षांतून आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न न चुकता विचारू लागले: ‘तुला जे येतं असं इतरांना वाटतं, त्यातलं काय येत नाही?’ पाणी बहुतेक वेळा इथेच मुरत असतं. वर्गात अवघडल्यासारखं होतं, हे सांगणं सोपं आहे, सहानुभूती मिळते. मला यायला हवं ते येत नाही आणि मार्क मात्र आहेत, हे सांगायला जीभ उचलत नाही.

“कळलं त्यांना, तर काय होईल?” मी तिला विचारलं.

“म्हणतील, हिला काहीच येत नाही.”

“ब्युरेटच्या बाबतीत ते खरं आहे का?”

“...हो.”

“मग खरं तेच म्हणतील. त्यात भयंकर काय?”

“ताई, मी फ्रॉड आहे मग!”

“उत्तरं उतरवलीस, ते चुकलंच. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण एका चुकीच्या वागण्यावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारायचा अधिकार तुला कुणी दिला?”

माझी भिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्यावर आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. कृतीचं मोजमाप करा, माणसाचं करू नका, हे त्यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचं मला सगळ्यात पटलेलं सूत्र. 1955 साली त्यांनी ही पद्धत मांडायला सुरुवात केली, पण तिचं मूळ त्यांच्या 19व्या वर्षात आहे. मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटायची. मग त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचं. महिनाभरात असे 130 प्रसंग आले. 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एक भेटायला यायला तयार झाली आणि तीही आली नाही. म्हटलं तर सपशेल अपयश. पण नकारानं आपलं काही बिघडत नाही हे एकदा अनुभवल्यावर त्यांची भीती गेली ती गेलीच. माझ्यासमोर बसलेल्या या मुलीला हे ऐकून पहिल्यांदा मोकळं हसू आलं. मग मी तिला काम दिलं.

“पुढच्या प्रॅक्टिकलला हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, मॅडम, मला ब्युरेट भरता येत नाही.”

“ताई, काहीही काय!”

“हळू कानात सांगायचं नाही. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

त्यावर आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी ती राजी झाली ती, मला वाटतं, रोजच्या पोटदुखीला कंटाळून.

पुढच्या वेळी आली ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. हात वर केला तेव्हा कानशिलं तापली होती. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, थर्ड इयरला? एक मुलगा हसला. मग मॅडमनी ब्युरेट स्टँडवरून काढलं. आधी त्याच द्रावणानं विसळून घे, फनेल लावून शून्याच्या वरपर्यंत भर, फनेल काढ, टोकात अडकलेला बुडबुडा थोडं द्रावण सोडून घालव, मग डोळा पातळीला आणून खालची कड वाच. हे सगळं होईपर्यंत टेबलाभोवती आणखी मुलं येऊन उभी राहिली होती. “तो हसलेला होता ना, तोपण आला. बुडबुडा घालवायचा असतो हे त्यालापण माहीत नव्हतं!” पहिल्या खेपेला तिनं जास्त थेंब सोडले आणि फिकट गुलाबी रंग यायच्या जागी फ्लास्कमध्ये भडक गुलाबी झालं. ते सांगताना तिचा चेहरा मी विसरणार नाही. चुकलं होतं, पण चूक तिची स्वतःची होती, ग्रुपवरून आलेली नव्हती.

2020 साली, युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे, जगभरात 150 कोटींहून जास्त विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडले होते. म्हणजे पसारा असलेलं कपाट घराघरात होतं. फक्त प्रत्येकाला वाटत होतं की पसारा आपल्याच घरी आहे.

त्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला. घरी आभाळ कोसळलं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बोलण्यात फॉर्म भरायची तारीख आणि एका मैत्रिणीसोबत अभ्यासाचं वेळापत्रक होतं. लेक्चरला अजूनही कधीकधी धडधडतं म्हणाली. धडधडू दे म्हटलं.

तुमचं असंच काही असेल तर आधी एक कागद घ्या आणि मागच्या ऑनलाइन वर्षांतलं खरोखर काय येत नाही ते विषयवार लिहा. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहा. यादी वाटते तितकी लांब नसते. त्यातली एक गोष्ट या आठवड्यात कुणाला तरी विचारा. मित्राला नाही, शिक्षकांना. जाण्याआधी आत्मविश्वास यायची वाट बघत बसू नका, तो आधी येत नाही. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर मात्र असले प्रयोग बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे ‘सवय होईल’ म्हणून चालढकल करायची नसते.

पालकांना एकच विनंती. त्या वर्षांतले मार्क पाहुण्यांना सांगणं बंद करा. मुलाला त्याचं ओझं होत असेल, हे तुम्हाला घरी कुणी सांगणार नाही.

शिक्षकांना मात्र थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण एका वाक्यानं सगळ्यात जास्त फरक त्यांच्या हातून पडतो. ‘ज्यांना येत नाही त्यांनी पुढे या’ असं म्हणू नका. कुणी येणार नाही, आणि सगळ्यांना येतं असा तुमचा समज मात्र होईल. सगळ्यांनाच पहिल्यापासून दाखवा. ज्यांना आधीच येतं त्यांची दहा मिनिटं जातील, जाऊ देत.