अडत्या काढला तर त्याची कामं कोण करणार?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याची नोकरी सोडून बेळगावजवळच्या बेळगुंदीकडं परत आलायस, घरची दीड एकर तांबडी माती, शेजारची चार एकर लीजवर घेऊन रताळी आणि भाजी करायची, आणि मधले एजंट म्हणजे अडते काढून माल थेट दिल्ली-गोव्याला द्यायचा. वडील म्हणतात ऊस लाव. कागदावर तुझा हिशेब झकास आहे, पण मी शेतीत यायच्या आधी नऊ वर्षं बेळगावच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होतो, पट्ट्या म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहायचो, म्हणून जरा लांबड लावतो.

अडत्या नुसता कमिशन खातो असं समजू नकोस. जून-जुलैत रताळ्याचे वेल लावायला बायका लागतात, त्यांची मजुरी त्याच आठवड्यात हातावर ठेवावी लागते. घरात लग्न निघतं, बैल जातो. सोसायटीचं बिनव्याजी पीककर्ज आहे की, पण ते जमिनीच्या उताऱ्यावर नाव असणाऱ्याला, आणि मंजूर होऊन येईल तेव्हा. अडत्या रात्री दहाला पण देतो, कागद नाही, जामीन नाही. ती उचल. बदल्यात माल त्याच्याच दुकानात आणायचा, मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला सगळ्यांची रताळी एकदम निघून भाव पडला तरी तुला दुसरं दुकान नाही. खरं व्याज तिथं वसूल होतंय.

एक पट्टी मला अजून आठवते. पश्चिम भागातली एक म्हातारी, 32 पोती घेऊन आलेली. शेटनी एक पोतं सुतळी कापून उपडं केलं, पाच-सहा रताळ्यांना बारीक भोकं, एक मोडलं तर आत काळा बोगदा आणि कडवट वास. सोंड्या किडा. झालं, सगळ्या 32 पोत्यांचा भाव त्या सहा रताळ्यांनी ठरवला. मी लिहिलं: हमाली, तोलाई, टेंपोभाडं, खाली उचल कपात. कर्नाटकात अडत म्हणजे कमिशन माल विकत घेणाऱ्याकडनं घ्यायचं, शेतकऱ्याकडनं नाही असा नियम आहे, म्हणून पट्टीवर ती नसायचीच, पण 'सूट' म्हणून पोत्यामागं दोन किलो वजनातच जायचं. म्हातारीनं पट्टी कुणाकडनं वाचून पण घेतली नाही, घडी करून कनवटीला लावली आणि म्हणाली, "पुढच्या सालाला पण बघा ओ." म्हणजे उचलीचं.

निपाणीकडं तंबाखूचं असंच होतं, माल वखारीत गेला की प्रत पण व्यापारी ठरवणार आणि दर पण तोच. त्यावरच 1981 ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं शेतकरी हायवेवर बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 जण गेले. एकट्यानं भांडून झालं नसतं ते.

तर अडत्या काढायचा असेल तर त्याची कामं कोण करणार ते आधी लिहून काढ. मजुरीला आगाऊ पैसा, प्रतवारी, दहा जणांचा माल गोळा करून ट्रक भरणं, आणि दिल्लीवाल्यानं महिना लावला किंवा माल वाटेत कुजला तर तो फटका सोसणं. तुझ्या साडेपाच एकरात एवढं बसत नाही रे. गोव्याचं त्या मानानं सोपं, चोर्ला घाट उतरला की आलं, पण तिथं रोज माल लागतो, पाऊस असला तरी.

आता वडिलांचा ऊस. हसू नकोस त्यांना. 2025-26 ला केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये ठरली, असा आधीच जाहीर भाव रताळ्याला कोण देतंय? पण तो दर कारखान्याच्या गेटवरचा, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. तोडणीची टोळी मुकादमाच्या मर्जीनं येणार, रानाला रस्ता नसला तर तुझा नंबर शेवटी, कोयत्यांना, म्हणजे तोडणाऱ्यांना, खुशाली म्हणून वरचे पैसे वेगळे. 1966 च्या ऊस आदेशात 14 दिवसांत बिल द्यायचं लिहिलंय, माझं एक बिल चौथ्या महिन्यात मिळालं (कारखान्याचं नाव विचारू नको). आणि भातामागं मसूर घ्यायची आपली रीत ऊस लागला की संपली, रान रिकामं होतंय कुठं? शेजाऱ्यानं ऊस लावला की तुलापण त्रास, रानडुकरं दिवसा उसात झोपतात आणि रात्री तुझी रताळी उकरतात. तीन बाजूंनी ऊस झाला तर चौथा माणूस पण मुकाट्यानं ऊसच लावतो.

लीजचं तर सगळ्यात नाजूक. 1 मार्च 1974 पासनं आपल्याकडं कर्नाटकात कुळं लागलेल्या जमिनी सरकारकडं जाऊन कुळांच्या नावावर झाल्या, ती भीती मालकांच्या मनात अजून आहे, आणि शेतजमीन लीजवर द्यायला कायद्यानं बंदीच असल्यासारखी. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, फार तर 11 महिने. तोंडी म्हणजे पीककर्ज मालकाच्या नावावर, नुकसान भरपाई आली तर ती पण त्याच्याच खात्यात, राबणारा वाटेकरी कागदावर कुठंच नाही. त्यात जमीन कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनं शेतकरी नसलेल्याला पण जमीन घेता येते, त्यामुळं शहराजवळचा मालक प्लॉटवाल्याची वाट बघत बसलाय, तू फक्त तोपर्यंत रान साफ ठेवणारा. शेणखत टाकून त्याचा पुरता फायदा मिळायला काही सालं जातात. कुणाच्या रानात टाकणार?

माझं ऐकशील तर यंदा दीड एकरच कर, लीज नको. साठवलेल्या पैशातनं मजुरी भाग, उचल एक रुपया पण घेऊ नको, आणि माल दोन दुकानात अर्धा-अर्धा घालून दोन्ही पट्ट्या समोरासमोर ठेवून बघ. गावात अजून आठ-नऊ जण उचल न घेणारे सापडले तरच ट्रकचा विचार. आणि वेल कुठनं आणणार ते अजून लिहिलं नाहीस. सोंड्या वेलाबरोबरच येतो, गेल्या साली किडलेल्या रानातलं बेणं फुकट दिलं तरी घेऊ नको.