खोडाला लावलेला माइक पत्र्यासारखा वाजतोय, पण माइक बदलू नका

वडाच्या पारंबीला २७ मिमीची पिएझो चकती (कंपनांची वीज करणारी) चिकटवली, वायर थेट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावली आणि ऐकू आलं ते पत्र्यावर खडे पडल्यासारखं टिकटिक आणि खाली एक गुणगुण, असं तुम्ही लिहिलंय. वर दुकानदार म्हणतो चकती भंगार आहे, महागातला माइक घ्या. नेमक्या याच सल्ल्यावर माझा एक अख्खा हंगाम आणि तीन माइकचे पैसे गेलेत, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. चकती बरी आहे, गडबड जोडणीत आहे.

चकती म्हणजे विजेच्या हिशेबाने एक कपॅसिटर. २७ मिमीची साधारण २० नॅनोफॅरड भरते, मल्टिमीटरला सोय असेल तर मोजून घ्या. समोर माइक इनपुटचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) बहुतेक वेळा २-३ किलोओहम. हे दोन एकत्र आले की हाय-पास फिल्टर, म्हणजे वरचे सूर सोडणारी आणि खालचे अडवणारी गाळणी, तयार होतो. २० नॅनोफॅरड आणि २ किलोओहम धरले तर त्याची सीमा येते ४००० हर्ट्झच्या आसपास. त्याखालचं सगळं उतरत जातं : ४०० हर्ट्झला २० डेसिबल, १०० हर्ट्झला ३२. फांदीची करकर, खोडाचं डोलणं, पारंबीचा ताण हे बहुतांश १००० हर्ट्झच्या खालचं. म्हणजे झाड गाळून गेलं आणि सालीवरून फिरणारे मुंगळे तेवढे राहिले.

नंतर इक्वलायझरने बेस उचलू, असं कोणीतरी सुचवेलच. ३२ डेसिबल उचललं की रेकॉर्डरची स्वतःची सळसळही तेवढीच वर येते. गेलेलं परत येत नाही.

उपाय स्वस्त आहे. मध्ये १ मेगाओहम इनपुटचा बफर (चकतीवर भार न टाकता आवाज पुढे देणारं छोटं सर्किट) घाला, की तीच सीमा ८ हर्ट्झवर येते. अकूस्टिक गिटारच्या पिएझो पिकअपसाठी मिळणारा ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप चालतो, ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य माइक इनपुटला जोडायची, वीज लागणारी डबी) चालतो. कोणाकडे पडून असलेला १४० किलोओहमचा पॅसिव्ह डीआय असला तरी ५७ हर्ट्झपर्यंत काम भागतं. चकती आणि बफर यांच्यातली वायर हातभरच ठेवा, लांब वायर हवी तर ती बफरच्या पुढे. उघड्या चकतीला फँटम किंवा प्लग-इन पॉवर (रेकॉर्डर माइकला पुरवतो ती वीज) देऊ नका, रेकॉर्डरच्या मेनूत दोन्ही बंद करा. आणि तिथेच लो-कट (खालचे आवाज कापणारी सोय) चालू राहिलाय का तेही बघा. तो राहिला तर वरची सगळी मेहनत फुकट.

गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर ती घरच्या विजेची. शील्डेड वायर घ्या, पितळी बाजू शील्डला आणि मधला पांढरा भाग आतल्या तारेला. उलटं जोडलं तरी आवाज येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. चकती बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला दहा-वीस रुपयांत मिळते. वायर जोडलेलीच घ्या. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकली की वरचा चांदीचा थर उचलतो.

लावताना पितळी बाजू लाकडाकडे, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळा. खिळा, स्क्रू, साल तासणं यांतलं काहीही नको. पेरू किंवा अर्जुनाच्या गुळगुळीत खोडावर चकती सपाट बसते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, तिथे चकतीचा टेकूच मिळत नाही. मग जाड विणकामाच्या सुईच्या बोंडाला चकती चिकटवून टोक भेगेत अलगद टेकवायचं. वायर चकतीपासून वीतभर अंतरावर खोडालाच बांधा आणि मधे थोडी सैल सोडा. लोंबती वायर वाऱ्याने हलली की तिचा ठोका झाडाच्या आवाजापेक्षा मोठा येतो.

पाणी चढतानाचा आवाज ऐकायचाय, असंही तुम्ही म्हटलंय. इथे निराशा करतो. पाणी मुकाट्याने चढतं. ताण वाढून जलवाहिनीतला पाण्याचा धागा तुटला तर टिक होते, आणि मिलबर्न व जॉन्सन यांनी १९६६ मध्ये ती नोंदवली ती आपल्या ओळखीच्या एरंडाच्या सुकत चाललेल्या पानांत. पण त्यातला बहुतेक आवाज आपल्या कानापलीकडचा असतो. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने तहानलेल्या टोमॅटोचे आणि तंबाखूचे आवाज हवेतून टिपले, ते साधारण ४० ते ८० किलोहर्ट्झचे. तुमचा ४८ किलोहर्ट्झवर लावलेला रेकॉर्डर २४ च्या वर जातच नाही. स्टेथोस्कोप लावून 'झाडाची धडधड' ऐकवणारे व्हिडिओ मला तरी पटत नाहीत. बऱ्याचदा तो जवळच्या रस्त्यावरचा ट्रक असतो. (मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं.)

बांबूचं बेट मात्र सोडू नका. कळकाच्या पोकळ काठ्या वाऱ्यात एकमेकींवर घासतात, त्यासाठी कॉन्टॅक्ट माइकसारखं, म्हणजे या चिकटवलेल्या चकतीसारखं, दुसरं काही नाही. सुरूच्या बनाला उलट साधा माइक आणि केसाळ विंडशील्ड हवं, कारण तो घुमारा काडीमागे हवेत पडणाऱ्या भोवऱ्यांचा. १ मिमीची काडी आणि सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर सूर १००० हर्ट्झच्या आसपास लागतो, झुळूक वाढली की वर सरकतो. उन्हाळ्यात शिरीषाच्या वाळक्या शेंगाही घ्या, पण गेन (रेकॉर्डिंगची पातळी) कमी ठेवून.

परवानगीबद्दल थोडक्यात. देवराईसाठी आधी गावात विचारा, प्रत्येक गावाचे रिवाज वेगळे. अभयारण्यात वन्यजीव कायदा १९७२ चं कलम २८ लागतं. त्यात अभ्यास आहे, छायाचित्रण आहे, पर्यटन आहे, ध्वनिमुद्रण असा शब्द नाही. एका टेबलवर त्यामुळे 'हे शूटिंगमध्ये बसतं' असं ऐकावं लागलं, पुढच्या टेबलवर 'कशातच बसत नाही'. अर्जात 'अभ्यासासाठी ध्वनिनोंदी, ड्रोन नाही, स्पीकर नाही' असं स्पष्ट लिहा. नियम बदलतात, माझ्या भरवशावर जाऊ नका.

बफर आला की आधी चकतीपासून फूटभर अंतरावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. 'धप' आलं तर जोडणी बरोबर, 'टिक' आलं तर चकती अजून कुठेतरी थेट माइक इनपुटलाच जातेय. मग त्याच रुजलेल्या पारंबीची, त्याच जागी, दोन मिनिटं इथे टाका. जुनी फाइल पुसू नका, शेजारी ठेवून ऐकायचीय.