जपानी बास रॉड: वीस हजारांचा घ्यावा की साठ हजारांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी ओसाकाला आलात, सुट्टीच्या दिवशी बिवा तलावावर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरायला जायचंय, दुकानात एकाच लांबीचे रॉड आठ हजार येनपासून ऐंशी हजारांपर्यंत टांगलेले दिसले, आणि विक्रेता म्हणाला की महागात 'जास्त कळतं', म्हणजे पाण्याखाली काय चाललंय ते हाताला जास्त जाणवतं. हे खरं आहे का, आणि खरं असलं तर किती पैसे घालावेत?

खरं आहे. पण सगळ्याच प्रकारच्या मासेमारीत नाही, आणि पैसे जितके वाढतात तितकं कळणं वाढत नाही. मी बिवाच्या दक्षिण काठाला कुसात्सुमध्ये राहतो, नऊ वर्षं इथेच मासे धरतोय. त्याआधी गावच्या खाडीत बांबूच्या काठीने आणि नुसत्या हातदोरीने गरवलंय. हातदोरीची आठवण मुद्दाम काढतोय, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. दोरी बोटावर असते तेव्हा शिसं चिखलात बसलं की खडकाला घासलं हे बोटाला थेट कळतं. रॉड आला की दोरी आणि बोट यांच्यामध्ये दोन मीटरची काठी येते. ती काठी बोटाचं किती खाते, यावर सगळा खेळ आहे.

काठीतून हाताला किती कळतं, याला जपानी लोक 'कान्दो' म्हणतात. दुकानात हा शब्द वापरा, समोरचा माणूस लगेच खुलतो. आणखी एक शब्द माहीत असू द्या: 'साकिओमोरी', म्हणजे रॉडचं टोक जड वाटणं. माझ्या मते विकत घेताना कान्दोपेक्षा साकिओमोरी आधी बघावी. त्याचं कारण पुढे सांगतो.

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने कारासुमा द्वीपकल्पाजवळ एक सबंध सकाळ फक्त हेच तपासण्यात घालवली. तीन रॉड, तिन्ही सहा फूट दहा इंच, एम म्हणजे मध्यम ताकदीचे. एक दहा हजारांच्या आसपासचा, एक अठरा-वीस हजारांचा, एक साठ हजारांच्या वरचा. रीळ तेच, लाइन तीच, १२ पौंडाची (तेवढा ताण सोसणारी) नवी फ्लोरोकार्बन, म्हणजे नायलॉनहून जड अशी कृत्रिम दोरी. सात ग्रॅमचं बुलेट शिसं आणि चार इंचाचा रबरी किडा. एकाने डोळे मिटून ओढायचं आणि तळाला काय आहे ते मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. तळाची जागा आम्हाला पाठ होती: काठाजवळ दगड, मग वाळू, मग शिंपल्यांचा पट्टा, पुढे शेवाळाची रांग.

दहा हजारांच्या रॉडने दगड स्पष्ट सांगितले. वाळू आणि शिंपले मला वेगळे काढता आले नाहीत. शेवाळ कळलं ते लाइन जड झाल्यावर, म्हणजे उशिरा. वीस हजारांच्या रॉडने शिंपले सांगितले, किंचित करकरीत, तव्यावर मीठ सरकवल्यासारखे. शेवाळात शिसं अडकलं हेही लगेच कळलं. साठ हजारांच्या रॉडवर आणखी एक गोष्ट आली. शिसं शेवाळाच्या देठावरून सुटून खाली पडतं तो क्षण, एक बारीकसा 'टक्', तळहाताच्या मधोमध. बास बऱ्याचदा त्याच क्षणी चावतो, त्यामुळे ही चैन नाही, कामाची गोष्ट आहे. पण तिच्यासाठी तिप्पट पैसे मोजले, हेही तितकंच खरं.

नंतर आम्ही अदलाबदल केली. महागड्या रॉडवर नायलॉनची लाइन आणि स्वस्तावर तीच फ्लोरोकार्बन. स्वस्त रॉड जिंकला! नायलॉन जास्त ताणली जाते आणि तिची घनता पाण्याहून जेमतेम जास्त, १.१४. ती पाण्यात झोळ धरते आणि टोच त्या झोळातच विरून जाते. फ्लोरोकार्बनची घनता १.७८, ती सरळ खाली बसते. म्हणजे दीड-दोन हजारांच्या लाइनने रॉडच्या किमतीतला सगळा फरक पुसला. तुमच्या पैशाची वाटणी करताना हे पहिलं लक्षात घ्या.

आता महाग रॉडमध्ये पैसे नेमके कशाचे लागतात ते सांगतो, म्हणजे कशाला हो म्हणायचं ते तुम्हीच ठरवाल. पहिला खर्च कार्बनचा. कार्बनचा धागा जितका ताठ, तितका कमी माल लागतो, रॉड हलका होतो आणि कंपनं न मरता हातापर्यंत येतात. पण असा रॉड ठोकर सोसत नाही. माझा एक रॉड किनाऱ्यावरच मोडला. मासा पायाशी आलेला असताना मी टोक उभं आकाशाकडे धरलं आणि वरचा एक वीत तुकडा काडीसारखा तुटला. चूक माझीच होती. नरम कार्बनचा रॉड तिथे वाकून सुटला असता. म्हणून पहिला रॉड फार ताठ कार्बनचा घेऊ नका. मासा काठावर ओढताना रॉड उभा न धरता झुकवलेला ठेवायची सवय आधी हाताला लागू द्या.

दुसरा खर्च पीळ आवरण्याचा. फेकताना रॉड नुसता वाकत नाही, स्वतःभोवती पिळवटतोही. दाइवा ही कंपनी यासाठी ४५ अंशांत कार्बन गुंडाळते, त्याला एक्स४५ म्हणतात. शिमानो ही दुसरी कंपनी आतून-बाहेरून उलटसुलट तिरक्या पट्ट्या गुंडाळते, ते स्पायरल एक्स. दुकानातली पत्रकं याच नावांनी भरलेली असतात. याचा फायदा फेक सरळ जाण्यात आणि मोठा मासा ओढण्यात होतो. तळ कळण्याशी त्याचा संबंध थोडाच.

तिसरा खर्च मला सगळ्यात पटणारा: ज्यांतून लाइन जाते त्या टोकाकडच्या कड्यांचा. बहुतेक जपानी रॉडवर शिझुओकाच्या फुजी कंपनीची कडी असतात. स्वस्तात स्टेनलेसची चौकट, महागात टायटॅनियमची, आणि आतली रिंग एसआयसी किंवा टॉरझाइट या कठीण सिरॅमिकची. दाइवाच्या स्टीझसारख्या वरच्या मालिकांत काही रॉडना कार्बनच्याच चौकटीची कडी आहेत. एका कड्यामागे वाचतो तो ग्रॅमचा अंश, पण तो हातापासून दोन मीटर लांब टोकावर वाचतो. लांब दांड्याच्या टोकाला चिमूटभर माती चिकटली तरी मनगटाला कळतं, तसं हे. टोक हलकं झालं की साकिओमोरी जाते, मनगट सैल राहतं, आणि सैल मनगटालाच बारीक टोच कळते. आवळून धरलेल्या मुठीला कुठल्याच रॉडने काही कळत नाही.

म्हणूनच आधी साकिओमोरी बघा म्हणालो. दुकानात आपलं रीळ घेऊन जा, 'जोडून बघू का' विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. रॉड हातात घ्या, टोक पाण्याकडे धरतो तसं थोडं खाली धरा आणि शांत उभे राहा. मिनिटभरात मनगट भरून आलं तर तो रॉड तुमच्या रिळाशी जमत नाही, किंमत कितीही असो. नुसता रॉड हलवून बघण्यात काही अर्थ नाही.

आता नावं. शिमानोचा बास वन दहा हजारांच्या आसपास मिळतो. शिकायला ठीक, पण वर्षभरात पुढचा घ्यावासा वाटतो. शिमानोचाच झोडियास आणि दाइवाचा ब्लेझॉन साधारण पंधरा ते वीस हजारांत येतात, आणि मी ज्याला त्याला इथेच थांबायला सांगतो. झोडियासची मूठ पोकळ कार्बनची, एकसंध आहे, त्यामुळे मुठीतल्या फोममध्ये कंपनं मरत नाहीत. माझ्या हाताला झोडियास तळाच्या कामाला सरस वाटला, ब्लेझॉन फेकायला गोड. वर तीस-चाळीस हजारांत शिमानोचा एक्सप्राइड आणि दाइवाचं ब्लॅक लेबल. हलकेपणा तिथे खरोखर जाणवतो, पण दहा हजारांवरून वीसवर येताना जी उडी जाणवली तेवढी मोठी उडी पुढे पुन्हा कुठेच आली नाही. त्याहूनही महाग स्टीझ किंवा पॉइझन अल्टिमा हे ज्याचा महिन्यातला प्रत्येक रविवार पाण्यावर जातो त्याने घ्यावेत.

मेगाबासबद्दल वेगळं सांगायला हवं. हामामात्सुची ही कंपनी, आणि डिस्ट्रॉयर ही तिची नावाजलेली रॉडची मालिका. ताकद तिथे एम, एमएच (मध्यमहून जड) अशी लिहीत नाहीत, एफ३, एफ४, एफ५ अशी लिहितात, त्यामुळे नवखा गोंधळतो. मी वापरलेला एफ४ तळ सांगण्यात त्याच किमतीच्या शिमानोपेक्षा किंचित मंद होता. पण फेकताना तो मुठीपासून टोकापर्यंत ताणाने जो भरत जातो, तो अनुभव मला दुसऱ्या रॉडने दिला नाही. दिवसभर क्रँकबेट (ओढताना पाण्याखाली थरथरणारं खोटं आमिष) आणि टॉपवॉटर (पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं) फेकणाऱ्याने तो जरूर हातात घेऊन बघावा.

कारण क्रँकबेटसारख्या सतत ओढायच्या ल्यूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, फार कळणारा रॉड उलट नडतो. मासा ल्यूर तोंडात घेतो, तुम्हाला लगेच कळतं, तुम्ही लगेच झटका देता आणि गरी निसटते. तिथे थोडा आळशी, वाकणारा, कार्बनमध्ये काचेचा धागा मिसळलेला रॉड चांगला, आणि तो स्वस्तात मिळतो. मोठ्या जिवंत आमिषालाही कान्दोचं काम नाही. याच बिवा तलावात २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता यांनी १०.१२ किलोचा बास धरला आणि अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या १९३२ सालच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. आमिष होतं जिवंत ब्लूगिल मासा. अशा माशाला काठीचा कणा लागतो.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. झोडियास किंवा ब्लेझॉन, बेटकास्टिंग (रीळ रॉडच्या वर बसतं तो प्रकार), सहा फूट दहा इंच, एम. बहुतेक एम रॉड साधारण ७ ते २१ ग्रॅमचं ल्यूर फेकतात, काठावरून तेवढं पुरतं. शिमानोच्या आकड्यात सुरुवातीचा १ म्हणजे बेटकास्टिंग आणि २ म्हणजे स्पिनिंग (रीळ रॉडखाली लटकतं तो प्रकार). १६१०एम वाचून सोळा फुटी समजू नका. उरलेल्या पैशांतून चांगलं रीळ आणि फ्लोरोकार्बन. आणि वर्षभराने, तळावर हळू ओढायची गोडी लागली असेल तर, तेव्हा एकच महाग रॉड घ्या, तोही स्पिनिंग. बारीक लाइन आणि दोन-तीन ग्रॅमच्या शिशाला महाग रॉडचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. सगळे पैसे एकदम घालायचेच असतील तर तिथे घाला.

जुना रॉड घेण्याचा मोह होईल, टॅकल बेरीसारख्या दुकानांत निम्म्या किमतीत सुंदर रॉड दिसतात. जरूर बघा, पण प्रत्येक कड्याच्या रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर रिंग तडकलेली आहे. आणि जुन्यावर वॉरंटी नसते. नवा घेताना वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या.

बिवाचा नियम आधीच माहीत हवा: २००३ पासून शिगा प्रांतात धरलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि २००५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार जिवंत बास दुसरीकडे नेता येत नाही. काठावर मासे टाकायच्या पेट्या आहेत. मी मात्र घरी आणतो, तिथेच मारून, बर्फात. वास कातडीत आणि चरबीत असतो, ती पूर्ण काढून टाकली आणि आगळ-हळद-तिखट लावून रव्यात तळला तर घरच्यांनाही आवडतो. कारासुमाच्या बिवा संग्रहालयातल्या उपाहारगृहातही बास मिळतो, एकदा खाऊन बघा.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय की रॉड पुढे कोकणात न्यायचाय. मग दोन तुकड्यांचाच घ्या, झोडियास आणि ब्लेझॉन दोन्हींत मिळतो, आकड्यानंतर २ लिहिलेला असतो. जिताडा आणि तांबोशीसाठी एम ऐवजी एमएच घ्या, खाडीतल्या मुळांतून तांबोशी एमने बाहेर येत नाही. आणि हे रॉड गोड्या पाण्यासाठी बनवलेत, त्यामुळे खाडीतून आल्यावर प्रत्येक वेळी कडी आणि रिळाची बैठक नळाखाली धुऊन सावलीत वाळवा.