आयटीआय झालं, ट्रेनी लागलो, पण हातात फक्त कानस

प्रश्न: सर, टर्नरचा आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये ट्रेनी लागलोय. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकायला मिळेल म्हणून आलो पण दिवसभर लोडिंग-अनलोडिंग आणि बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कोर) काढणं, बास. मित्र म्हणतो सोड, चाकणला ये, पगार जास्त आहे. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लगेच सोडू नकोस रे, पण आहे तसंच रेटू पण नकोस. चाकणला पगार वाढेल, खरंय, पण मोठ्या लाईनवर बऱ्याचदा एकच मशीन, एकच जॉब (म्हणजे एकच पार्ट), बटण दाबायचं, आणि दोन वर्षांनी पण तू ऑपरेटरच. तुझ्या शॉपमध्ये आज शाफ्ट, उद्या बुश, परवा फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे सेटिंग सारखं बदलतं, आणि सेटर, म्हणजे जॉबप्रमाणे मशीन लावून देणारा, व्हायचं तर हेच बघायला मिळायला पाहिजे.

सुरुवात मापापासून कर. बर काढताना प्रत्येक जॉब हातात येतोच ना, मग ड्रॉइंग मागून घे आणि माप. समजा शाफ्टला 25 स्मॉल एच 7 लिहिलंय, म्हणजे साइज 25.000 ते 24.979, सगळी मिळून 21 मायक्रॉनची, म्हणजे 0.021 एमएमची जागा, आणि शॉपमधला साधा व्हर्निअर 0.02 एमएमपर्यंतच मोजणारा, त्याच्यावर हा जॉब पास का रिजेक्ट हे ठरवताच येत नाही, मायक्रोमीटरच लागतो. आणि मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मापू नकोस, 100 एमएमचं स्टील 10 डिग्रीनं तापलं की साधारण एक शतांश एमएमनं वाढतं, थंड झाल्यावर तोच जॉब अंडरसाइज निघू शकतो. हे तुला कळायला लागलं ना की सेटर स्वतःहून तुला बोलावतो, कारण त्याला मापावर भरवसा ठेवता येईल असा माणूस पाहिजेच असतो.

मग टिप, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलताना शेजारी उभा रहा. व्यास 0.04 जास्त आला तर वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजलं की मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, किती टाकतात ते बघ. बहुतेक टर्निंग सेंटरवर, म्हणजे सीएनसी लेथवर, एक्सचा आकडा व्यासातच असतो, म्हणून उणे 0.04, अर्धं नाही. पण स्वतः ऑफसेटला हात लावायचा तो सेटरनं सांगितल्यावरच.

फिरत्या चकजवळ (जॉब पकडणारा जबडा) हातमोजे नकोत, मनगटातला दोरा, कडं, अंगठी पण नको, चिप्स हातानं ओढायच्या नाहीत, हुकनंच, आणि लेथवर चक की (चक आवळायची चावी) काढल्याशिवाय मशीन चालू करायचंच नाही. घाई कितीही असू दे, इथं कुणाचं ऐकू नकोस.

आता कागदाचं. नुसतं 'ट्रेनी' म्हटलं म्हणून अप्रेंटिस होत नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार करून त्याची सरकारी पोर्टलवर नोंद व्हावी लागते, तरच पुढं परीक्षा देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. तुझी नोंद आहे का हे या आठवड्यातच ऑफिसात विचार, आणि त्याच वेळी सुपरवायझरना सांग की शिफ्ट संपल्यावर अर्धा तास सेटरबरोबर थांबू द्या. दोन्हीला नाही म्हणाले तर चाकणला खुशाल जा, फक्त तिथं पण जायच्या आधी हेच दोन प्रश्न विचार.