नदी एकच, मग एका काठाला ऊस आणि दुसऱ्या काठाला कापूस का?

प्रश्न : आमचं गाव वैजापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. पलीकडे श्रीरामपूर तालुका, तिथे माझी मावशी दिलेली. जमीन दोन्हीकडे काळी, पाऊस सारखाच बेताचा. पण मावशीकडे तीन पिढ्यांपासून ऊस आणि आमच्याकडे बाजरी-कापूस. मावसभाऊ म्हणतात, ‘तुमच्या जुन्या माणसांनी हातपायच हलवले नाहीत.’ हे खरं आहे का? आता तर सगळे एकाच राज्यात आहोत!
— एक वाचक, वैजापूर तालुका

उत्तर : नाही, अजिबात खरं नाही. हे वाक्य मी श्रीरामपूरच्या शाळेत भूगोल शिकवताना खूपदा ऐकलं आणि दर वेळी मला वाईट वाटलं. तुमच्या आजोबांच्या कष्टात काही कमी नव्हतं. त्यांच्या शिवारापर्यंत पाट आला नाही, एवढंच.

1818 साली पेशवाई गेली आणि नगरचा मुलूख इंग्रजांकडे आला. वैजापूर, गंगापूर, पैठण निजामाच्या राज्यात राहिले. 1948 पर्यंत तुमच्या भागात गोदावरी ही दोन राज्यांची सरहद्द होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनंतर इंग्रज सरकारने घाटमाथ्याचं पाणी अडवायला घेतलं. दारणा धरण 1916 चं, प्रवरा नदीवरचं भंडारदरा 1926 चं. दारणेचं पाणी कोपरगावकडे आलं, भंडारदऱ्याचं श्रीरामपूरकडे. हे कालवे उसासाठी खोदलेले नव्हतेच, ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून होते. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईना, पाणीपट्टी येईना आणि कालवा तोट्यात जाई. मग विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली ब्लॉक पद्धत आली : ठरलेल्या क्षेत्राला काही वर्षांची पाण्याची हमी आणि त्यातल्या एका हिश्श्यात ऊस. माझे वडील प्रवरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे, होते. ‘ब्लॉक असला की मुलीचं लग्न लवकर जमतं,’ असं ते म्हणत.

उसामागून कारखानदार आले. हरेगावला बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. त्या परत मिळवायला या खंडकरी शेतकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना झगडावं लागलं. सासवडचे माळी बागायतदार आले, त्यांनी कालव्याच्या पाण्यावर ऊस कसा घ्यायचा ते दाखवलं. 1932 मध्ये परदेशी साखरेपासून संरक्षण मिळालं आणि कारखाने वाढले. 1950 मध्ये लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचं श्रेय विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना जातंच, पण त्यांच्या पायाखाली पंचवीस वर्षांचा कालवा आधीच वाहत होता.

निजामानेही धरण बांधलं, पण कुठे? मांजरा नदीवर, तेलंगणात. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, वाहते लातूरकडून. तिचं पाणी 1931 च्या निजामसागराने अडवलं आणि ऊस पिकला तेलंगणातल्या बोधनला. त्याच राज्यातल्या मराठवाड्याच्या वाट्याला जिरायतच राहिली. मला हे फार लागतं.

आता एकाच राज्यात असूनही फरक का उरला? कारण पाण्यावरचा हक्क ज्याला आधी मिळतो तो सहजी सोडत नाही. कालवा झाला, मग कारखाना, बँक, शाळा, रस्ता अशी वस्ती त्याभोवती जमते. पैठणचं जायकवाडी धरण 1976 ला झालं खरं, पण ते तुमच्या खालच्या अंगाला. त्याचे कालवे पैठणच्या पुढे जातात. धरणात साठलेल्या पाण्याचा फुगवटा मात्र कायगाव-टोक्यापर्यंत मागे येतो. त्या काठाच्या लोकांनी मोटारी टाकून ऊस घेतला. आतल्या गावांना पाणी आलं ते नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याने, आणि तेही फार उशिरा.

तुमच्याच मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, हजारो कुटुंबं उचल (आगाऊ मजुरी) घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात. पाणी सरहद्दीच्या ज्या बाजूला थांबलं, तिकडे माणसं चालत गेली.

मावसभावांना एक गोष्ट विचारा : दुष्काळी वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की विरोध कुठून होतो? नगर-नाशिकमधून. मागणी कुठून येते? मराठवाड्यातून. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यात पाण्याची समन्यायी वाटणी करायला सांगितलं, तेव्हापासून हा वाद कोर्टापर्यंतही गेला. नकाशावर वादाची दोन टोकं जोडा, निजामाची जुनी हद्द जवळजवळ तशीच्या तशी मिळेल.