सार्जंट कफ गुप्तहेर नव्हे

एका वाचनमंडळाकडून प्रश्न आला आहे. विल्की कॉलिन्सची १८६८ सालची 'द मूनस्टोन' ते शब्दसंग्रह आणि कथानक अशा दोन्ही अंगांनी वाचताहेत. कादंबरी नुकतीच संपली आणि आता शब्दांची यादी करायला बसलेत. 'डिटेक्टिव्ह' म्हणजे गुप्तहेर लिहायचं ना, आणि 'क्ल्यू'साठी पुरावा चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्याचं उत्तर: अजिबात नाही. मालिकांमधून, पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून हा 'गुप्तहेर' इतका कानावर आदळतो की तो चूक आहे हे कुणाला वाटेनासंच झालंय.

हेर म्हणजे हेरणारा. आपण सावज हेरतो, जागा हेरून ठेवतो, म्हणजे पाळत ठेवून मनात टिपून घेतो. हेर हे काम स्वतःला लपवून करतो आणि आपल्या धन्याला खबर पोचवतो. बहिर्जी नाईक हेर. ज्याच्यावर पाळत आहे त्याला पत्ता लागला की हेराचं काम संपलं. त्यामुळे त्याच्यामागे 'गुप्त' लावायचीही खरं तर गरज नाही. उघड हेर कुणी पाहिलाय?

आता तुमच्या कादंबरीतला डिटेक्टिव्ह, सार्जंट कफ बघा. काळा पोशाख, गळ्याला पांढरा पट्टा, अंगावर मांस नाही. यॉर्कशरमधल्या ज्या बंगल्यातून तरुण रेचलला भेट मिळालेला हिरा चोरीला गेलाय, तिथे तो दिवसाढवळ्या येतो. लंडनहून त्याला बोलावलंय हे स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आल्या आल्या तो माळ्याशी वाद घालतो तो कशावरून, तर गुलाबांच्या ताटव्यांमधली वाट खडीची असावी की हिरवळीची. यात गुप्त काय आहे?

गुप्तहेर या कादंबरीत आहेतच, पण ते दुसरे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने चंद्रदेवाचा हिरा पळवला. हा हिरा मूळचा सोमनाथचा. त्याच्या मागावर तीन ब्राह्मण समुद्र ओलांडून इंग्लंडात जातात आणि डमरू वाजवत फिरणारे जादूगार म्हणून बंगल्याच्या दारात उभे राहतात. वेषांतर, पाळत, खबर, सगळं त्यांच्याकडे आहे. तुमच्या यादीत 'हेर' हा शब्द जरूर ठेवा, फक्त त्याच्यासमोर या तिघांचा उल्लेख करा. हेर आणि डिटेक्टिव्ह या दोन वेगळ्या जाती कॉलिन्सने एकाच अंगणात समोरासमोर उभ्या केल्यात. दोघांना एकच मराठी शब्द दिला की कथानकाचा अर्धा ताण गेला.

डिटेक्टिव्ह ही जमात तेव्हा नवीच होती. लंडनच्या पोलिसांत खास तपासाची शाखा निघाली १८४२ साली, त्यात माणसं अवघी आठ: दोन इन्स्पेक्टर, सहा सार्जंट. त्यातल्याच जोनाथन विचर यांच्यावरून कफ बेतला. १८६० साली विचरनी तपासलेल्या एका खुनात हरवलेला रात्रीचा झगा फार महत्त्वाचा ठरला होता, आणि 'मूनस्टोन'चंही सगळं रहस्य एका रात्रीच्या झग्यावर टांगलेलं आहे. पण हा शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'तेगेरे' म्हणजे झाकणे. त्याला 'दे' हा उपसर्ग लागला की झाकण काढणे. डिटेक्टिव्ह म्हणजे पांघरूण ओढून काढणारा. याच धातूच्या गोतावळ्यात रोमन लोकांचा टोगा येतो, इंग्रजीत गवताने शाकारलेल्या छपराचा थॅच येतो, आणि ग्रीकमधल्या छपरावरून नाव पडलेला, पाठीवर कौलांसारखे फलक असलेला स्टेगोसॉरस हा डायनोसॉरसुद्धा येतो.

आणि आपल्याकडे? याच गोतावळ्यातला संस्कृत धातू 'स्थग्', म्हणजे झाकणे. सभा 'स्थगित' झाली म्हणतो तो शब्द याच धातूचा. 'स्थग' म्हणजे लबाड, झाकपाक करून लुबाडणारा. त्याचाच ठग. इंग्रजांनी तो शब्द उचलला, १८३० च्या दशकात ठगांच्या बंदोबस्तामुळे तो गाजला आणि त्यांच्याकडे तो 'थग' होऊन बसला. म्हणजे ठग आणि डिटेक्टिव्ह एकाच मुळाचे! ठग झाकतो आणि डिटेक्टिव्ह उघडतो, एवढाच काय तो दोघांत फरक. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

यावर काही व्युत्पत्तिकार नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, ठग हा मुळात देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द, पंडितांनी मागाहून त्याला 'स्थग' असं संस्कृत रूप चढवलं. मला हे पटत नाही. फसवणं आणि झाकणं यांची सोयरीक भाषेत पावलोपावली दिसते. गैरव्यवहारावर आपण पांघरूण घालतो, लबाडाच्या चेहऱ्यावर बुरखा असतो, तो फाडावा लागतो. अर्थ इतका चपखल बसतो, धातू समोर उभा आहे, ध्वनीही जुळतात, तरी 'देशी' म्हणून हात झटकायचे हा व्युत्पत्तीचा आळस आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी दुसरा जनक दाखवावा.

आणि त्यांनी 'मूनस्टोन'चा शेवट पुन्हा वाचावा. टेम्सकाठच्या एका खाणावळीच्या खोलीत सावळ्या चेहऱ्याचा, दाढीवाला खलाशी मरून पडलेला आहे. हिरा गेलेला. कफ प्रेताच्या डोक्यावरचा केसांचा टोप काढतो, दाढी ओढून काढतो, चेहऱ्याला फासलेला रंग धुतो. मग आधीच आपल्या हाताने लिहून दिलेलं एक बंद पाकीट उघडायला लावतो, त्यात त्याला संशय असलेल्या माणसाचं नाव आहे: गॉडफ्री एबलव्हाइट. रंगाखालून निघालेला तो पांढराफटक चेहरा गॉडफ्रीचाच असतो, धर्मादाय संस्थांच्या व्यासपीठावर मिरवणारा सभ्य गृहस्थ. ठगाचं झाकण डिटेक्टिव्हने काढलं! कॉलिन्सला संस्कृत धातू माहीत असण्याचं कारण नाही, पण शब्दाचा अर्थ त्याने अक्षरशः घडवून दाखवलाय. तुमच्या मंडळात कथानक आणि शब्द वेगवेगळ्या दिवशी घेत असाल तर हे प्रकरण तरी एकत्र घ्या.

मग डिटेक्टिव्हला मराठीत काय म्हणायचं? 'तपासनीस' आहे की. फडणीस, चिटणीस यांच्या पंगतीतला, आपल्या कचेऱ्यांत मुरलेला शब्द. तो रुक्ष वाटला तर सरळ 'डिटेक्टिव्ह' लिहा, गावोगावी कळतो. गुप्तहेर मात्र लिहू नका.

राहिला 'क्ल्यू'. पुरावा हा कोर्टात मांडायचा असतो, क्ल्यू तपासात धरायचा असतो. जुन्या इंग्रजीत क्ल्यू म्हणजे सुताचा गुंडा, चक्रव्यूहातून बाहेर यायला जो उलगडत जायचा तो. त्यामुळे आपलं 'धागादोरा' त्याला हुबेहूब बसतं, आणि 'गुंता', 'उकल', 'उलगडा' ही सगळी भावंडंही सोबत येतात. फरक समजावायचा तर हिरा ज्या खोलीतून गेला तिच्या ताज्या रंगवलेल्या दारावरचा डाग घ्या. स्थानिक सुपरिंटेंडंट त्याला क्षुल्लक म्हणतो, नोकरमाणसांचे घागरे घासले असतील म्हणतो. कफ चौकशी करतो: रंग बुधवारी दुपारी ३ वाजता देऊन झाला, सुकायला १२ तास, म्हणजे रात्री ३ ला सुकला. नोकर तिथे जमले दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला. सुकून ८ तास झालेल्या रंगाला घागऱ्याने डाग कसा पडेल? इथे चोर कोण हे अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, पण कुणाच्या तरी कपड्याला रंग लागलाय, तो कपडा शोधायचा, हे कळलं. हा झाला धागा. पुढे वाळूच्या दलदलीतून साखळी ओढून रेचलचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक पत्र्याची पेटी बाहेर काढतो, आत रंग लागलेला झगा आणि त्यावर त्याचं स्वतःचंच नाव. तो झाला पुरावा. डाग तोच, पण दारावर असताना धागा आणि झग्यावर सापडल्यावर पुरावा.

मधल्या काळात कफ रेचलनेच स्वतःचा हिरा लपवला असं ठरवून मोकळा होतो, त्याला आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. यादीत तेही घाला.