गुठळी फुफ्फुसात, मग यंत्र हृदयासाठी कशाला?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर आठवडाभराने त्यांना अचानक धाप लागली आणि रक्तदाब कोसळला. फुफ्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले. डॉक्टरांनी एक्मो यंत्र लावले व कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत घातलेल्या बारीक नळीने, गुठळी काढली. आता ते घरी आहेत. मात्र व्हेंटिलेटर असताना वेगळे यंत्र कशासाठी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन का दिले नाही आणि त्यांना मुंबईला हलवायला हवे होते का, या शंका घरात अजून आहेत. — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अशा आजारात जीव जातो तो बहुधा हृदयाच्या उजव्या कप्प्यामुळे. हा कप्पा पातळ भिंतीचा असतो. धमनी एकाएकी तुंबली की तो फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात रक्तच कमी येते आणि रक्तदाब उतरतो. व्हेंटिलेटर हवा पुरवतो, पण त्या हवेपर्यंत रक्त पोहोचत नसेल तर उपयोग मर्यादित. उलट छातीतील दाब वाढल्याने उजव्या कप्प्यावरचा ताण आणखी वाढू शकतो. एक्मोमध्ये जांघेतील मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून, पंपाने ते धमनीत परत सोडतात. प्रौढ माणसात हा प्रवाह मिनिटाला साधारण 3 ते 5 लिटर असतो, त्यामुळे तुंबलेले फुफ्फुस आणि दमलेला कप्पा या दोघांनाही वळसा मिळतो. गुठळी मात्र हे यंत्र विरघळवत नाही. ती काढण्यासाठी किंवा विरघळण्यासाठी लागणारा वेळ ते मिळवून देते, म्हणून पुढचा उपचार ठरलेला नसताना ते लावण्यात फारसा अर्थ नसतो.

इंजेक्शनचे म्हणाल, तर नुकत्याच झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याने जखमेतून किंवा अन्यत्र गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. एक्मोलाही हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध लागते आणि रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा खुंटणे, संसर्ग हे धोके त्यातही आहेतच. पण हेपारिनची मात्रा कमी-जास्त करता येते, गरज पडल्यास थांबवताही येते. (ज्या हृदय-फुफ्फुस यंत्रातून एक्मो पुढे आले, ते बनवण्याची प्रेरणा अमेरिकी सर्जन जॉन गिबन यांना 1931 साली बोस्टनमध्ये याच आजाराने दगावलेल्या एका रुग्णामुळे मिळाली, यंत्र यशस्वी व्हायला 1953 उजाडले.)

स्थलांतराबाबत माझे मत स्पष्ट आहे : रक्तदाब टिकत नसलेल्या रुग्णाला कसारा घाटातून नेण्यापेक्षा, जिथे हे यंत्र आणि ते हाताळणारा सराईत चमू आहे तिथेच उपचार करणे अधिक सुरक्षित. दोन्ही नसतील, तर आधी तज्ज्ञांशी फोनवर बोलून, शक्य तितके स्थिर करूनच हलवावे.

आता महत्त्वाचे, रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. तीन महिन्यांनंतरही जिना चढताना धाप लागत असेल, तर ती वयाच्या माथी न मारता हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण काही रुग्णांत गुठळीचे अवशेष धमनीतच राहून फुफ्फुसाचा रक्तदाब वाढवतात.